एका ग्रॅमात दहा गुंठे
(सभासद अभ्यासमाला : बगॅसचा सच्छिद्र कार्बन आणि वायूंची निवड)





गेल्या काही महिन्यांत गटवार बैठकांतून एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी कानावर येत आहे. "साहेब, बगॅस तुम्ही बॉयलरात घालून त्याचा धूर करता. त्याचाच कोळसा केला तर म्हणे पेट्रोलपेक्षा जास्त भावानं जातो. खरं काय?" एका सभासद बंधूंनी तर रंगीत छापील पत्रकच आणून दाखविले. त्यात भट्टीचे चित्र होते, "सक्रिय कार्बन" असे मोठ्या अक्षरात लिहिले होते, आणि खाली ठेव भरण्याचे आवाहन होते. भट्टी कितीची, माल कोण घेणार, मालाची तपासणी कोण करणार, याचा पत्रकात पत्ता नव्हता.

प्रश्न वाजवी आहे. त्याला नुसते "होय" किंवा "नाही" असे उत्तर देऊन चालणार नाही. बगॅसपासून वायू धरणारा कार्बन होतो, हे शंभर टक्के खरे. पण तो कशामुळे होतो, कोठे लागतो आणि एक टन बगॅसमधून हाती किती येतो, हे समजल्याशिवाय कोणी पैसे गुंतवू नयेत. यासाठी हा पाठ. थोडा लांब आहे, पण संध्याकाळी निवांत बसून वाचावा. घरातल्या शाळकरी मुलाला शेजारी घेऊन वाचला तर अधिकच बरे.

१. कोळसा आणि सक्रिय कार्बन : फरक काय?

चुलीतला कोळसा आपण सर्वांनी पाहिला आहे. लाकूड हवेशिवाय तापविले की त्यातले पाणी आणि डांबर धुराबरोबर निघून जाते व मागे काळा सांगाडा उरतो. हाच कोळसा. त्याला छिद्रे असतातच, पण पुष्कळशी डांबराने बुजलेली किंवा तोंड बंद असलेली. घर बांधले पण दारे उघडलीच नाहीत, तशातला प्रकार.

ही दारे उघडून आतल्या खोल्या मोकळ्या केल्या की त्याला सक्रिय कार्बन, म्हणजेच ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणतात. आता आतल्या भिंतींचा हिशेब पाहा. चांगल्या सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅममध्ये, म्हणजे एका चिमटीत, आतल्या सर्व भिंतींचे क्षेत्रफळ सुमारे १००० चौरस मीटर भरते. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे एका ग्रॅमात जवळजवळ दहा गुंठे! चार ग्रॅम घेतले की एकर झाला. सातबारा निघत नाही एवढेच.

एवढी जमीन लागते कशाला? वायूचे कण, ज्यांना रेणू म्हणतात, ते बसायला. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागतात त्या बाहेरच्या अंगाला लागतात. ढेप फोडून तुकडे केले तर मुंग्यांना जागा वाढते. कार्बनच्या भिंतीवर वायूचे रेणू असेच चिकटून बसतात. याला शास्त्रात अधिशोषण म्हणतात. शोषण वेगळे आणि अधिशोषण वेगळे. ढेकूळ पाणी पिते, पाणी त्याच्या अंगात मुरते, ते शोषण. भिंतीवर थर धरून बसणे, ते अधिशोषण. जेवढी भिंत जास्त, तेवढी बसायला जागा जास्त.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात धरावी : या धंद्यात कोळसा विकला जात नाही, छिद्र विकले जाते. कोळसा हे नुसते छिद्राचे भांडे आहे.

२. साखरेशी जुने नाते

हा विषय साखर कारखान्याच्या पत्रिकेत कशाला, असे कोणाला वाटेल. पण कोळशाची ही विद्या साखरेच्याच अंगणात वाढली आहे.

स्वीडनमधील शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७३ साली कोळसा वायू धरून ठेवतो हे प्रयोगाने दाखविले. पुढे १७८५ च्या सुमारास रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे लोविट्झ याला आढळले की कोळशाची पूड द्रावणाचा रंग काढते. ही गोष्ट साखर शुद्ध करणाऱ्यांनी लगोलग उचलली. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये साखरेच्या द्रावणाचा रंग काढण्यासाठी कोळसा वापरात आला, आणि एकोणिसाव्या शतकात युरोपातील शुद्धीकरण कारखान्यांत हाडांच्या कोळशाचा वापर सर्रास झाला. आपल्याकडील कारखाने बहुतेक गंधकाच्या धुरीने, म्हणजे सल्फिटेशन पद्धतीने, रस साफ करतात, म्हणून आपल्या गाळप विभागात ही पद्धत फारशी दिसत नाही.

वाफेने किंवा झिंक क्लोराइडने कोळशाला मुद्दाम छिद्रे पाडण्याची पेटंटे १९०० व १९०१ साली ओस्ट्रेको याने घेतली. तेथून हा कारखानदारीचा विषय झाला. पुढे पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन फौजेने क्लोरीन वायू सोडला. विषारी वायूपासून सैनिकांचे प्राण वाचविण्यासाठी मुखवटे आले, आणि रशियन शास्त्रज्ञ झेलिन्स्की याने त्यात सक्रिय कोळसा घातला. १९१८ मध्ये अमेरिकेत तर नारळाच्या करवंट्या आणि पीच फळाच्या कोयी लोकांकडून गोळा करण्याची मोहीम निघाली, कारण कठीण करवंटीचा कोळसा वायू धरण्यात सर्वांत सरस ठरला होता. करवंटीच का सरस आणि आपला बगॅस कोठे कमी पडतो, ते पुढे पाहूच.

३. छिद्रे पाडतात कशी?

काम दोन टप्प्यांत होते.

पहिला टप्पा, कोळसा पाडणे. वाळविलेला बगॅस बंद भांड्यात, हवा न लागू देता, ४०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. धूर, डांबर, जळणारे वायू निघून जातात. कोरड्या बगॅसच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा, फार तर थोडा अधिक, कोळसा उरतो. हे काम खेड्यातही जमते. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने, म्हणजे समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याची साधी भट्टी बसविली व त्याबद्दल संस्थेला २००२ साली लंडनमध्ये ॲशडेन पारितोषिक मिळाले. पण नीट लक्षात घ्या : तो जळणाचा कोळसा होता, चुलीत घालायचा. वायू वेगळा करण्याचा कार्बन नव्हे. आणि पत्रकवाले नेमकी येथेच गल्लत करतात. पहिला टप्पा दाखवितात आणि दुसऱ्या टप्प्याचा भाव सांगतात.

दुसरा टप्पा, सक्रिय करणे. याचे दोन मार्ग आहेत.

(अ) वाफेचा मार्ग. कोळसा ८०० ते ९०० अंशांवर लाल तापवून त्यावरून वाफ सोडतात. वाफ कोळशाला कुरतडते. थोडा कार्बन वायू होऊन जातो आणि त्याच्या जागी छिद्र उरते. म्हणजे छिद्र मिळवायचे तर माल जाळावा लागतो. कमी जाळला तर दारे उघडत नाहीत. जास्त जाळला तर दोन खोल्यांमधली भिंतच पडते, बारीक छिद्रांची मोठी भोके होतात आणि वायू धरण्याची ताकद जाते. गुऱ्हाळावर गुळव्या काहील कधी उतरवतो ते आठवा. क्षणभर आधी उतरवली तर गूळ मऊ, क्षणभर उशीर झाला तर करपला. येथेही तसेच आहे. मात्र येथे डोळ्याने किंवा बोटाने कळत नाही, तापमान, वेळ आणि वाफ मोजूनच करावे लागते.

(ब) रसायनाचा मार्ग. कच्चा बगॅसच फॉस्फोरिक आम्लात भिजवून ४०० ते ५०० अंशांवर तापवितात. नंतर आम्ल धुऊन काढतात, म्हणजे आम्लाने अडवून ठेवलेली जागा मोकळी होते. यात माल थोडा जास्त उरतो आणि उष्णता कमी लागते. बगॅससारख्या मऊ, तंतुमय पदार्थाला हा मार्ग मानवतो. कॉस्टिक पोटॅश वापरून ७०० ते ८०० अंशांवर याहूनही दुप्पट क्षेत्रफळाचा कार्बन होतो, पण ते रसायन भट्टीचे लोखंड खाते. कोणतेही रसायन घ्या, ते धुऊन परत मिळविता आले पाहिजे. नाही तर खर्चही बुडाला आणि धुवणाचे पाणी ओढ्यात गेले. आपल्याच विहिरी त्या ओढ्याच्या काठी आहेत.

४. वायू वेगळे होतात ते कसे?

छिद्रे तीन जातींची असतात. २ नॅनोमीटरपेक्षा लहान ती सूक्ष्म, २ ते ५० पर्यंतची मध्यम आणि त्यावरची मोठी. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. मोठी छिद्रे म्हणजे गावचा रस्ता, मध्यम म्हणजे गल्ली, आणि सूक्ष्म छिद्रे म्हणजे राहती घरे. रंगाचे रेणू थोराड, ते गल्लीत राहतात. वायूचे रेणू लहान, ते घरात राहतात. म्हणून रस साफ करणारा कार्बन आणि वायू धरणारा कार्बन एकच नव्हे.

आता दोन वायू मिसळलेले असतील तर ते वेगळे करण्याच्या दोन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा, आवडनिवड. कार्बनच्या भिंतीला कार्बन डायऑक्साइड अधिक घट्ट चिकटतो, मिथेन त्यापेक्षा सैल. मिश्रण दाबाखाली कार्बनच्या मनोऱ्यातून सोडले की कार्बन डायऑक्साइड आत बसतो आणि मिथेन पुढे निघतो.

दुसरी तऱ्हा, अरुंद बोळ. छिद्राचे तोंड मुद्दाम इतके लहान ठेवतात की एकाला सहज शिरता यावे आणि दुसऱ्याला अडावे. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूची जाडी ०.३३ नॅनोमीटर, मिथेनची ०.३८. बाजाराच्या दिवशी बोळातून सायकलवाला सुटतो आणि बैलगाडी अडते, तसेच हे. अशा कार्बनला कार्बनची रेणुचाळण म्हणतात. पश्चिम जर्मनीत एसेन येथील कोळसा संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात ही चाळण नावारूपाला आणली. हवेतून नायट्रोजन काढण्याची यंत्रे तिच्यावर चालतात : प्राणवायूचा रेणू किंचित लहान, तो चटकन आत शिरतो आणि नायट्रोजन बाहेर राहतो.

मनोरा भरला की काय करायचे? दाब सोडायचा. दाब गेला की बसलेला वायू उठून बाहेर पडतो आणि कार्बन पुन्हा रिकामा होतो. म्हणून मनोरे दोन किंवा अधिक असतात. एक भरतो तेव्हा दुसरा रिकामा होतो, पाणीपाळीसारखे. एकाला पाणी चालू, दुसऱ्याचा वाफसा. काही मिनिटांत पाळी बदलते, आणि हे रात्रंदिवस चालते. या पद्धतीला प्रेशर स्विंग, म्हणजे दाबाचा झोका, असे म्हणतात.

ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही. ज्या कारखान्यांच्या आसवनीत पेट्रोलमध्ये मिसळण्याचे इथेनॉल होते, तेथे नुसत्या उकळण्याने अल्कोहोल ९५-९६ टक्क्यांपुढे जात नाही. उरलेले पाणी झिओलाइट नावाच्या खनिजाच्या मण्यांतून काढतात. पाण्याचा रेणू मण्याच्या छिद्रात शिरतो, अल्कोहोलचा शिरत नाही. २०२१ च्या करोना लाटेत दवाखान्यांच्या आवारात हवेतून प्राणवायू काढणारे जे प्रकल्प उभे राहिले, तेही झिओलाइटवर आणि याच दाबाच्या झोक्यावर चालणारे होते. पदार्थ वेगळा, तत्त्व तेच.

५. आपल्या कारखान्याला हे कोठे लागते?

लागते ते प्रेसमडच्या वायूसाठी. उसाच्या वजनाच्या ३ ते ४ टक्के प्रेसमड निघतो. तो हवाबंद टाकीत कुजविला की बायोगॅस होतो. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०१८ रोजी 'सतत' ही योजना सुरू केल्यापासून असा वायू शुद्ध करून, दाबून, वाहनांसाठी विकण्याचे प्रकल्प साखर धंद्यात येऊ लागले आहेत.

टाकीतून निघणाऱ्या कच्च्या वायूत मिथेन ५५ ते ६० टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि थोडा पण उपद्रवी हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो हाच. भारतीय मानक १६०८७ (२०१६) प्रमाणे विकाऊ वायूत मिथेन किमान ९० टक्के हवा, कार्बन डायऑक्साइड ४ टक्क्यांच्या वर नको, आणि हायड्रोजन सल्फाइड एका घनमीटरला २० मिलिग्रॅमच्या आत हवा.

म्हणजे कार्बनला येथे दोन नोकऱ्या आहेत. पहिली, हायड्रोजन सल्फाइड पकडणे. यासाठी अल्कली किंवा तत्सम द्रव्य मुरविलेला कार्बन वापरतात. छिद्रात या वायूचे गंधक होते आणि ते तेथेच साचते. ते दाब सोडून निघत नाही. कार्बन भरला की बदलावाच लागतो. दुसरी नोकरी, कार्बन डायऑक्साइड वेगळा करणे. येथे दाबाचा झोका चालतो आणि माल वर्षानुवर्षे टिकतो, मात्र आधी पहिली नोकरी चोख झाली पाहिजे.

पहिल्या नोकरीचा हिशेब करून पाहू. समजा रोज ५००० घनमीटर कच्चा वायू निघतो आणि त्यात दहा लाख भागांत १००० भाग हायड्रोजन सल्फाइड आहे. म्हणजे घनमीटरला सुमारे १.४ ग्रॅम, रोजचे ७ किलो. एक किलो कार्बन २०० ग्रॅम धरतो असे मानले, तर रोज ३५ किलो कार्बन संपला. महिन्याला एक टनाच्या वर. कार्बन हलका निघाला आणि २०० ऐवजी १०० ग्रॅमच धरू लागला तर हाच खर्च दुप्पट. म्हणून मोठे प्रकल्प आधी पाण्याने, लोहक्षाराने किंवा जिवाणूंच्या साहाय्याने बराचसा हायड्रोजन सल्फाइड काढतात आणि कार्बनला शेवटचा हात फिरवायला ठेवतात.

आता चित्र उलटे झाले, नाही का? आपण समजत होतो की आपण कार्बन विकणार. खरे पाहता अशा प्रकल्पात आपण आधी कार्बनचे गिऱ्हाईक होतो.

६. एक टन बगॅसचा हिशेब

गव्हाणीत १०० टन ऊस पडला की २८ ते ३० टन बगॅस निघतो. त्यात निम्मे पाणी.

१ टन बगॅस वाळविला : ५०० किलो कोरडा माल.
त्याचा कोळसा पाडला : सुमारे १३० किलो.
वाफेने सक्रिय करताना यातला निम्मा कार्बन जळाला : हाती ७० किलोच्या आसपास.

या ७० किलोंत, माल उत्तम निघाला तर, सतरा हजार एकरांची भिंत भरेल. ऐकायला गोड आहे. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा. हाच एक टन बगॅस बॉयलरात घातला तर सुमारे २.२ टन वाफ मिळते. उच्च दाबाच्या सहवीज प्रकल्पात त्यावर ढोबळमानाने ४०० युनिट वीज होते. म्हणजे ७० किलो कार्बनने आधी ४०० युनिटांची किंमत भरून काढली पाहिजे, मग वाळवणी, भट्टी, मजुरी, तपासणी, आणि मग नफा. कोळसा पाडताना निघणारा वायू जाळून थोडी उष्णता परत मिळते, ती जमेला धरावी. तरी हिशेब दोन्ही बाजूंनी मांडल्याशिवाय कोणीही "दुप्पट" हा शब्द उच्चारू नये.

७. राखेचा काटा : येथे सभासदाचा हात आहे

आता या पाठातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. करवंटी का सरस? एक तर ती कठीण, तिचा दाणा मनोऱ्यात फुटत नाही. बगॅसचा कोळसा मऊ, त्याची पूड होते. पूड झाली की वायूची वाट तुंबते. काकवी किंवा मोलॅसिससारखा चिकट पदार्थ घालून गोळ्या वळता येतात, पण तोही खर्चच.

दुसरे कारण राख. करवंटीत राख टक्काभरही नसते. बगॅसमध्ये असते, आणि ती भट्टीत जळत नाही. कार्बन जळून कमी होतो, राख होती तेवढीच राहते. हा काटा पाहा :

स्वच्छ उसाचा बगॅस, राख २ टक्के : ५०० किलो कोरड्या मालात १० किलो राख. शेवटी कार्बन ६० आणि राख १०, एकूण ७० किलो. म्हणजे राख १४ टक्के.

माती लागलेल्या उसाचा बगॅस, राख ५ टक्के : ५०० किलोत २५ किलो राख. शेवटी कार्बन ६० आणि राख २५, एकूण ८५ किलो. म्हणजे राख २९ टक्के!

वजन वाढले म्हणून खूष होऊ नका. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा माती-वाळू आहे, तिला छिद्र नाही, ती वायू धरत नाही, उलट दारे अडविते. गिऱ्हाईक प्रयोगशाळेत राख मोजते आणि माल परत पाठविते.

ही राख येते कोठून? थोडी उसाच्या अंगची. बाकी मुळाशी लागलेल्या मातीची, वाढ्यांची, पाचटाची, पावसात तोडलेल्या उसाच्या चिखलाची. तीच माती आज मिलचे रोलर झिजविते, प्रेसमड वाढविते, बॉयलरच्या नळ्या खाते आणि उताराही कमी करते. बगॅसचा कार्बन होवो न होवो, स्वच्छ ऊस हा आजच पैसे देतो. जमिनीलगत पण माती न घेता तोडणी, मोळीत वाढे-पाचट नको, यंत्राने तोडणी असेल तर पंखा नीट चालू आहे ना ते पाहणे, एवढे सभासदाच्या हातात आहे. आणि पाचट? ते पेटवू नका, आणि कोणी कोळशासाठी मागितले म्हणून सगळे देऊनही टाकू नका. सरीत पसरलेले पाचट ओल धरते आणि कुजून जमिनीलाच परत जाते.

८. मग करावे काय?

आमच्या विभागाचे मत थोडक्यात असे :

(१) ठेवी मागणाऱ्या कोणाही माणसाला चार प्रश्न विचारावेत. माल कोणत्या कामाचा, रंग काढण्याचा की वायू धरण्याचा? राख किती? दाण्याचा कठिणपणा किती? खरेदीचा लेखी करार कोणाशी? उत्तर नसेल तर खिसा झाकावा.

(२) आधी चांगले गिऱ्हाईक व्हायला शिकावे. कार्बन विकत घेताना आयोडीन अंक, राख, ओलावा, दाण्याचा आकार व कठिणपणा तपासून घ्यावा. एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो तो आयोडीन अंक. चांगल्या मालाचा ९०० ते १००० च्या घरात असतो. मात्र तो छिद्रांचा सर्वसाधारण अंदाज आहे. वायूच्या कामासाठी त्या त्या वायूवरच चाचणी मागावी.

(३) बगॅस शिल्लक उरत असेल, तरच कार्बनचा विचार करावा. बॉयलर उपाशी ठेवून नव्हे. विचार झाला तर आधी थोडा माल साखर संशोधन संस्थेकडून किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून करवून घ्यावा आणि तो आपल्याच प्रेसमडच्या वायूवर तपासावा. पहिले गिऱ्हाईक आपणच असलो तर फसवणूक कमी.

(४) सर्व आकडे सर्वसाधारण सभेपुढे यावेत. भागभांडवल सभासदांचे आहे.

९. जिवाला जपा

हे शेवटी सांगितले तरी सर्वांत आधी पाळायचे आहे.

कोळशाच्या भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद शेडमध्ये भट्टी पेटवू नये, जवळ झोपू नये.

ओला सक्रिय कार्बन भोवतालच्या हवेतला प्राणवायूही ओढून घेतो. कार्बन भरलेल्या टाकीत वरून डोकावून सर्व ठीक दिसते, पण आत माणसाला श्वासाला हवा नसते. हवेची मोजणी, पट्टा-दोर आणि वर उभा राहणारा माणूस याशिवाय कोणीही टाकीत उतरू नये.

हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की नाकच मरते, वास येईनासा होतो. "वास गेला, म्हणजे वायू गेला" असे समजून माणसे टाकीत उतरतात आणि एकामागोमाग एक जातात. आत पडलेल्याला काढायला तसेच उडी घेणारा दुसराही दगावतो. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावी. आपल्या शेतातल्या बायोगॅसच्या टाकीलाही ती तितकीच लागू आहे.

वापरून झालेला गंधकी कार्बन उघड्यावर ढीग करून ठेवू नये, तो तापून धुमसू शकतो. तपासणीशिवाय शेतात टाकू नये.

उजळणी

१) शोषण आणि अधिशोषण यांत फरक काय? गूळ-मुंगीच्या उदाहरणाने सांगा.
२) कोळसा फार वेळ सक्रिय केला तर छिद्रांचे काय होते?
३) हायड्रोजन सल्फाइडचा कार्बन बदलावा लागतो, पण कार्बन डायऑक्साइडचा पुन्हा पुन्हा वापरता येतो. का?
४) बगॅसमध्ये राख ३ टक्के असेल तर एक टन बगॅसच्या कार्बनमध्ये राख किती टक्के येईल? (वरचाच हिशेब करा. उत्तर : २० टक्के.)

चौथे गणित मुलांकडून जरूर करवून घ्यावे. उत्तर आले की त्यांना बांधावर न्यावे, एक मातीने माखलेला ऊस हातात द्यावा आणि विचारावे, "बाळा, ह्यातली राख कोणाची?" कारखान्यातली भट्टी कधी होईल ती होवो, शिकायची सुरुवात तेथूनच आहे.

येत्या हंगामात मोळी स्वच्छ यावी, ही विनंती.

आपला,
रसायन विभाग